बंड्याची लघवी आणि महिन्याचं बजेट

प्रश्न: डॉक्टर मॅडम, आमचा बंड्या साडेतीन वर्षांचा बोका, ऑपरेशन झालेला, वजन साडेचार किलो. दिवाळीनंतर त्याची लघवी तुंबली. आम्हाला दीड दिवस वाटत होतं की शी होत नाहीये, सारखा ट्रेमध्ये बसून जोर करायचा आणि ओरडायचा, सासूबाईंनी एरंडेल पण पाजलं. शेवटी दवाखान्यात नेला तर नळी घालून लघवी काढावी लागली, तीन दिवस ॲडमिट. रिपोर्टमध्ये ट्रिपल फॉस्फेट क्रिस्टल्स लिहिलंय. डॉक्टरांनी युरिनरीचं स्पेशल खाणं लिहून दिलं, सव्वा महिना घातलं पण आता जमत नाही हो. मिस्टर यंत्रमागावर आहेत, मी घरी शिलाई करते, बंड्यासाठी महिन्याला बाराशे-तेराशेच्या वर निघत नाहीत. आमच्या इथं साधं कोरडं खाणं ३५० रुपये किलो मिळतं आणि ओलं पाऊच ४५ ला. परत साधं सुरू करू का? का घरी चिकन शिजवून घालू? परत तसं झालं तर आता सोसायची ताकद नाही.
— एक ताई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर: ताई, आधी एक सांगते, तुम्ही त्याला वेळेत नेलात म्हणून तो वाचला. बोक्याची मूत्रनळी शेवटाला इतकी बारीक असते की थोडी वाळूसारखी कच किंवा चिकट बूच अडकलं की लघवी पूर्ण बंद होते, मग रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयच थांबतं, दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. शी होत नाही म्हणून एरंडेल पाजणं हे मी दर महिन्याला कुणाकडून तरी ऐकते, त्यात तुमची काही चूक नाही, दोन्हीचं बसणं दिसतं सारखंच. पण इथून पुढे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, सासूबाईंना पण. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, थेंब थेंब होतंय किंवा काहीच होत नाहीये, खालची जागा चाटतोय, उलटी करतोय, तर सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच निघायचं. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, आत मूत्राशय फुटू शकतं.

आता खाण्याचं. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, ते वेगळे करते. एक, स्पेशल खाणं आत्ता बंद करायचं का. दोन, बंद केलं तर काय घालायचं.

ट्रिपल फॉस्फेट म्हणजेच स्ट्रुवाइट. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा हा खडा, लघवी अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट, झाली आणि दाट झाली की तो बनतो, आणि चांगली गोष्ट अशी की खाण्यातून लघवी थोडी आम्लाकडे नेली आणि पातळ केली की तो विरघळतो. रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ, हिल्सचं सी/डी, फार्मिनाचं व्हेट लाइफ स्ट्रुवाइट ही सगळी खाणी हेच काम करतात. मांजराचा स्ट्रुवाइट बऱ्याचदा दोन ते पाच आठवड्यांत विरघळतो. म्हणजे तुमचा सव्वा महिना बहुतेक कामाला आलाय. पण बहुतेक या शब्दावर बंड्याला सोडू नका. पुढची पिशवी आणायच्या आधी त्यातले थोडे पैसे लघवीच्या तपासणीला घाला, पिशवीच्या मानाने ती तपासणी खूप स्वस्त असते. लघवी ताजी पाहिजे, तासाभरात दवाखान्यात पोचली पाहिजे. फ्रिजमध्ये ठेवलेल्या लघवीत नसलेले क्रिस्टल्स पण तयार होतात आणि मग उगाच घाबरायला होतं. ट्रे स्वच्छ धुवून रिकामा ठेवा, नाहीतर त्यात थोडे प्लास्टिकचे मणी टाका, लघवी शोषली जाणार नाही आणि सिरिंजने ओढून घेता येईल. नाहीच जमलं तर डॉक्टर सुईने काढतात.

लघवी आम्लाकडे, पातळ, क्रिस्टल्स नाहीत किंवा अगदी थोडे, असं आलं तर डॉक्टरांना सरळ विचारा की आता साध्या खाण्यावर आणू का, महिन्याला माझ्याकडे एवढेच पैसे आहेत. ताई, डॉक्टरला बजेट सांगायला लाजू नका हो. आम्हाला ते माहीत नसलं तर आम्ही पुस्तकातलं सगळ्यात चांगलं लिहून देतो, तुम्ही पंधरा दिवस कसंतरी घालता आणि मग गुपचूप बंद करता, आणि आम्हाला कळतं ते बोका परत टेबलवर आला की. आधी कळलं तर बसून काहीतरी मधला रस्ता काढता येतो. आणि तपासणीत क्रिस्टल्स भरपूर आले, किंवा एकदा सोडून परत झाले, तर मात्र त्याला स्पेशलवरच ठेवावं लागेल. एक लक्षात असू द्या, स्पेशल आणि साधं निम्मं-निम्मं मिसळून घातलं तर स्पेशलचं काम होत नाही, पैसे मात्र जातात.

आता समजा डॉक्टर हो म्हणाले. मग काय घालायचं?

पाणी घालायचं. मी अगदी खरंच सांगतेय. मांजर हे मुळात वाळवंटाकडच्या रानमांजराचं वंशज, तहान लागली तरी ते माणसासारखं, कुत्र्यासारखं धावत जाऊन पाणी पीत नाही, कारण त्याला पाणी मिळायचं ते शिकारीतून, उंदराच्या अंगात जवळजवळ सत्तर टक्के पाणीच असतं. आपण त्याला घालतो कोरडे दाणे ज्यात पाणी असतं आठ-दहा टक्के, आणि समजतो की बाजूला वाटी ठेवलीय ना, पिईल. पितं थोडं, पण पुरेसं नाही, आणि लघवी दाट होत जाते. ओल्या पाऊचमध्ये पाणी असतं ऐंशी टक्क्यांच्या आसपास. महाग ब्रँड का स्वस्त ब्रँड यापेक्षा खाण्यात पाणी किती हा फरक लघवीसाठी मोठा आहे, आणि पाणी तर तुमच्या घरात आहे.

हिशोब करून दाखवते. साडेचार किलोच्या बंड्याला दिवसाला साधारण सव्वादोनशे मिली पाणी लागतं, खाण्यातलं आणि पिण्यातलं धरून. नुसतं कोरडं साठ ग्रॅम खाल्लं तर त्यातून मिळतात पाच मिली. बाकी सगळं त्याने वाटीतून प्यायला पाहिजे, जे तो पिणार नाही. त्याऐवजी असं करा: कोरडं ४५ ग्रॅम, दिवसात तीन-चार वेळा वाटून, प्रत्येक वेळी कोमट पाणी घालून, दिवसभरात मिळून साठ मिली पाणी त्यात गेलं पाहिजे. अर्धं पाऊच, उरलेलं अर्धं झाकून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसाला. आणि पंधरा-वीस ग्रॅम उकडलेलं बोनलेस चिकन, त्याच्या तीस-चाळीस मिली पाण्यासकट. आता बेरीज करा, सव्वाशे-दीडशे मिली पाणी ताटलीतूनच पोटात गेलं, निम्म्याहून जास्त काम झालं. पैसे बघा, कोरडं महिन्याला सव्वा-दीड किलो म्हणजे पावणेपाचशेच्या आसपास, पाऊच पंधरा म्हणजे पावणेसातशे, वर अर्धा किलो चिकन. तुमच्या तेराशेच्या आसपास बसतंय. एखाद्या महिन्यात पाऊच नाहीच जमले तर कोरडं साठ ग्रॅम करा आणि पाणी वाढवा, पण पाणी सोडू नका.

नुसतं चिकनच घालू का असं विचारलंय, तर नको. चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, महिनोन् महिने तेवढंच खाल्लं की हाडं ठिसूळ होतात, पिल्लांची तर उभं राहताना मोडतात. दुसरं म्हणजे टॉरिन, मांसातलं एक पोषकद्रव्य. ते मांजराला स्वतःच्या अंगात पुरेसं बनवता येत नाही, खाण्यातूनच लागतं, आणि मांस उकडलं की ते पाण्यात उतरतं. १९८७ मध्ये अमेरिकेत लक्षात आलं की टॉरिन कमी पडून मांजरांचं हृदय फुगून निकामी होतंय, त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. म्हणून चिकन उकडलेलं पाणी कधी फेकू नका, तेच त्याला द्या. त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आपल्या रश्श्यातला तुकडा धुवून दिला तरी नको. चिकनच्या दुकानात कलेजी स्वस्त मिळते म्हणून रोज कलेजी घालणारे पण खूप आहेत, त्याने व्हिटॅमिन ए जास्त होऊन मणके आखडतात, आठवड्यातून एकदा सुपारीएवढा तुकडा पुरे. सुकट आणि खारे बोंबील तर बंड्याला बंदच करा, मीठ आणि खनिजं दोन्ही भरलेली असतात.

भिजवलेलं आवडलं नाही तर पहिल्या दिवशी एक चमचा पाणी, मग दोन, असं आठ-दहा दिवसांत वाढवा. भूक लागली की खाईल झक मारत, हे मांजराच्या बाबतीत करू नका, विशेषतः जाड बोक्याला दोन-तीन दिवस उपाशी ठेवलं तर लिव्हरमध्ये चरबी साठते आणि ते लघवीपेक्षा भयंकर दुखणं आहे. आणि आपला उन्हाळा माहितीये ना, मार्च ते मे भिजवलेलं खाणं अर्धा-पाऊण तासात उचलायचं, तासाभरात आंबतं.

प्रश्न: आमचं घर पूर्ण शाकाहारी. मनी चार वर्षांची, दूध-भाकरी, दही-भात, कधी बिस्कीट यावरच वाढली. आता लघवीत रक्त दिसतंय. अंडंसुद्धा घरात येत नाही. काय करावं?
— एक काका, साखर पेठ

उत्तर: काका, पहिल्यांदा रक्त का येतंय ते बघून घ्या, सोनोग्राफी आणि लघवी दोन्ही करा, कारण खडा आहे का नुसती सूज आहे हे बाहेरून कळत नाही आणि कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असेल तर तो कुठल्याच खाण्याने विरघळत नाही, काढावाच लागतो.

खाण्याबद्दल तुमचा मान ठेवून पण स्पष्ट बोलते. मांजर मांसाहारीच आहे, हा तिचा दोष नाही आणि तुमचाही नाही. भाकरी-भातावर तिची लघवी अल्कली होते, त्यात स्ट्रुवाइट बनायला सोपं जातं, टॉरिन तर त्यात नसतंच, चार वर्षं ती टिकली म्हणजे बहुतेक गल्लीत कुठेतरी उंदीर-पाली खात असणार. दुधाने पोट बिघडतं आणि दूध म्हणजे पाणी नव्हे. तुमच्यासाठी सोपा रस्ता हा की घरात मांस शिजवायचं नाही, बाजारचं तयार मांजराचं खाणं आणायचं, दाणे बिस्किटासारखेच दिसतात, वेगळा डबा, वेगळा चमचा, ताटली गॅलरीत. वरून कोमट पाणी घाला. माझ्याकडे येणारी कितीतरी शाकाहारी घरं असंच करतात, देवघर-स्वयंपाकघर कुठेच संबंध येत नाही. हळूहळू बदला, चार वर्षांची सवय आहे.

प्रश्न: दुकानात पिशवीवर युरिनरी केअर लिहिलेलं स्वस्त खाणं पण मिळतं. ते आणि डॉक्टरचं एकच का? आणि गोणीतलं सुटं घेतलं तर स्वस्त पडतं, ते चालेल का? माझ्या मित्राकडे कुत्र्याचं आहे, तो ते द्यायला तयार आहे.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: एकच नाही. डॉक्टरचं खाणं झालेला खडा विरघळवायला असतं, दुकानातलं युरिनरी केअर हे निरोगी मांजराला जपण्यासाठी. वाईट नाही, पण आजारी बोक्याला त्यावर विसंबून ठेवू नका. व्हिस्कास, मी-ओ, ड्रूल्स, प्युअरपेट, कुठलंही घ्या, मागची बारीक अक्षरं वाचा: कम्प्लीट अँड बॅलन्स्ड लिहिलंय का, मोठ्या मांजरासाठी आहे का, तारीख काय. ट्यूबमधल्या चाटायच्या क्रीमवर बऱ्याचदा कॉम्प्लिमेंटरी लिहिलेलं असतं, म्हणजे ते जेवण नाही, खाऊ आहे.

सुटं घेऊ नका, गोणी कधी उघडली कळत नाही, तेल खवट झालेलं असतं आणि आपल्या उन्हात तर लवकर होतं. कुत्र्याचं खाणं मांजराला रोज नाही चालत, त्यात मांजराला लागतं तेवढं टॉरिन आणि प्रोटीन नसतं. मित्राला धन्यवाद सांगा.

प्रश्न: आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, बाकी बोअरचं, भांड्यावर पांढरे डाग पडतात. मांजराला खडा त्यामुळेच झाला असं शेजारी म्हणतात. लिंबू पिळून द्यावं का? मेडिकलमधलं लघवीचं सिरप घरात आहे, ते देऊ का?
— एक ताई, विजापूर रोड

उत्तर: ताई, सिरप अजिबात नको, आधी ते वर ठेवून द्या. माणसांना लघवीला जळजळ झाली की जे गोड सिरप देतात त्यातली बरीचशी लघवी अल्कली करणारी असतात. आणि वर बंड्याच्या ताईंना सांगितलं तसं, स्ट्रुवाइट अल्कली लघवीतच बनतो. म्हणजे आगीतून फुफाट्यात. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही नाही, अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकतं.

लिंबू, व्हिनेगर, व्हिटॅमिन सी हे पण नको. एक जुनी गोष्ट सांगते. पूर्वी सगळा दोष खाण्यातल्या मॅग्नेशियमवर आणि राखेवर, म्हणजे एकूण खनिजांवर, टाकायचे, नंतर कळलं की लघवीचा आम्लपणा जास्त महत्त्वाचा, मग कंपन्यांनी लघवी आम्ल करणारं खाणं काढलं. स्ट्रुवाइट कमी झाला, पण ऑक्झलेटचे खडे वाढले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्रात १९८१ पासून प्राण्यांचे खडे तपासतात, तिथल्या नोंदींत हा बदल स्पष्ट दिसला. आम्ल करणं म्हणजे दुधारी सुरी, म्हणून ते तपासणी करून, मोजून करायचं काम आहे, ताटलीत लिंबू पिळून नाही.

बोअरच्या पाण्याचं असं, त्यातली खनिजं खाण्यातल्या खनिजांपुढे थोडी असतात, त्यामुळे खडा पाण्यानेच झाला असं मी म्हणणार नाही. पण मांजराला चव लगेच कळते, मचूळ पाणी असेल तर ते प्यायचंच कमी करतं, आणि नुकसान तिथं होतं. तुम्ही जे पिता तेच त्याला द्या, दिवसाला ग्लासभर तर जाणार. पसरट वाटी घ्या, स्टीलची नाहीतर चिनी मातीची, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब, घरात दोन-तीन ठिकाणी. उन्हाळ्यात मातीच्या परळात ठेवा, गार राहतं, माझ्या घरची दोन्ही परळातलंच पितात.

प्रश्न: आमच्या राणीच्या लघवीचे रिपोर्ट नॉर्मल, खडा नाही, इन्फेक्शन नाही, तरी दरवर्षी गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी लाल लघवी आणि गादीवर, चादरीवर थेंब. खाणं बदलून उपयोग होईल का?
— एक मुलगी, कॉलेजला आहे, सिद्धेश्वर पेठ

उत्तर: बाळा, तू वेळ बरोबर धरलीस, जानेवारी, गड्डा. शोभेचं दारूकाम, घरभर पाहुणे, रात्री उशिरापर्यंत आवाज. मांजराला ताण आला की मूत्राशयाला सूज येते, काही इन्फेक्शन नसताना. तरुण मांजरांत लघवीच्या त्रासाचं हेच सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे, पण रिपोर्ट नॉर्मल आले की लोकांना वाटतं मांजर मुद्दाम घाण करतंय, आणि मारतात. तू मारत नाहीस हे तुझ्या पत्रावरून कळतंच.

ओल्या खाण्याचा हिलाही फायदा होतो, लघवी पातळ झाली की आतल्या सुजलेल्या पडद्याला कमी झोंबतं, म्हणून वरचं पाण्याचं सगळं हिच्यासाठी पण. पण यात्रेच्या ऐन दिवसांत नवीन खाणं सुरू करू नको, तो आणखी एक ताण. डिसेंबरमध्येच भिजवलेल्याची सवय लाव. दारूकामाच्या रात्री तिला आतल्या खोलीत ठेव, खिडकी बंद, जुनी सोलापुरी चादर घालून पुठ्ठ्याचं खोकं, तिची ताटली, पाणी आणि ट्रे त्याच खोलीत, पाहुण्यांच्या पोरांना आत सोडायचं नाही. ट्रे एका मांजराला दोन बरे, बारीक चाळलेली वाळू चालते, महागाचं लिटर पाहिजेच असं नाही, फक्त रोज दोनदा उचल. लघवी सात दिवसांत स्वच्छ झाली नाही किंवा तिने खाणं सोडलं तर घेऊन ये, दुखणं कमी करायची मांजराची औषधं वेगळी असतात ती देता येतात.